युवती मंडळाला सरकारी मान्यता कशी मिळवायची? ठाणे-नवी मुंबईसाठी सविस्तर मार्गदर्शक

किसननगरपासून दिव्यापर्यंत आणि दिघ्यापासून तुर्भे स्टोअरपर्यंत मुलींचे छोटे छोटे गट काम करत असतात. कुठे समाजमंदिरात, कुठे कुणाच्या गच्चीवर, कुठे शाळा सुटल्यावर रिकाम्या झालेल्या वर्गात त्या जमतात. अभ्यास, कबड्डी, पथनाट्य, वस्तीतल्या पाण्याच्या वेळांवर नगरसेवकांना निवेदन, असं बरंच काही चालतं. वर्ष-दोन वर्षं सगळं सुरळीत जातं. मग शाळेचे मुख्याध्यापक विचारतात, "तुमची संस्था नोंदणीकृत आहे का?" एखादी कंपनी मदत द्यायला तयार होते आणि ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट देणारी नोंदणी, मागते. महापालिकेचा हॉल हवा असतो आणि अर्जात नोंदणी क्रमांकाचा रकाना रिकामा राहतो. तेव्हा मुली विचारतात: आम्हाला शासनाची मान्यता कशी मिळेल?

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगते. संस्था मुलींच्या नेतृत्वासाठी असेल तर हा सगळा कागदोपत्री प्रवास मुलींनीच केला पाहिजे. ठराव त्यांनी लिहावा, कार्यालयात अर्ज त्यांनी द्यावा, चेकवर सही त्यांची असावी. पदं वडीलधाऱ्यांकडे आणि मुली फक्त कार्यक्रमापुरत्या, अशी रचना एकदा कागदावर उतरली की पुढे ती बदलायला फार त्रास पडतो.

मान्यता म्हणजे नेमकं काय?

"शासनमान्य युवा संस्था" असा एकच दाखला कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. मान्यता थराथराने मिळते. पहिला थर कायदेशीर अस्तित्वाचा, म्हणजे संस्था नोंदणी आणि सार्वजनिक न्यास (पब्लिक ट्रस्ट) म्हणून नोंदणी. दुसरा आयकर विभागाचा. तिसरा केंद्र सरकारच्या पोर्टलांवरचा. चौथा वेगवेगळ्या विभागांच्या परवानग्यांचा आणि शेवटचा पुरस्कारांचा. वरचा थर मिळवायला खालचा पक्का लागतो. त्यामुळे पुरस्काराच्या अर्जापासून सुरुवात करून मागे येऊ नका.

नोंदणी झाली म्हणजे शासनाने तुमच्या कामाची हमी घेतली, असंही नाही. म्हणून लेटरहेडवर "शासनमान्य" न छापता "नोंदणी क्र." छापा. अशोकस्तंभाचं चिन्ह तर अजिबात वापरू नका. त्याचा गैरवापर रोखण्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे.

नवी संस्था हवीच का?

हा विचार आधी करा, कारण संस्था काढणं सोपं आणि चालवणं जड. दरवर्षी ऑडिट, सभा, विवरणपत्रं हे सगळं आलं. तुमच्या भागात एखादं नोंदणीकृत मंडळ नीट चालत असेल, त्याचा हिशोब स्वच्छ असेल आणि उद्देशांत शिक्षण किंवा महिला-बालकल्याण आधीपासून असेल, तर त्याच मंडळात ठराव करून "युवती विभाग" सुरू करता येतो. त्या विभागाला स्वतःची समिती आणि स्वतःचा खर्चाचा अधिकार मात्र ठरावातच लिहून घ्या.

दुसरा रस्ता भारत स्काउट्स आणि गाइड्सचा. ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० पासून आहे आणि तिला आधीच सरकारी मान्यता आहे. शाळेत गाइड पथक काढता येतं, तसंच शाळेबाहेर खुलं पथकही. दहाव्या वर्षापासून गाइड आणि पुढे पंचविशीपर्यंत रेंजर म्हणून मुली राहू शकतात. राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पायऱ्या ठरलेल्या आहेत. ज्यांना मुलींसोबतचं काम हवंय पण संस्थेचा कारभार नको, त्यांना मी हाच रस्ता सुचवते.

तिसरा, युवा मंडळ म्हणून "मेरा युवा भारत"शी जोडून घेण्याचा. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेला हा केंद्राचा उपक्रम १५ ते २९ वयोगटासाठी आहे, आणि पूर्वी नेहरू युवा केंद्राकडे असलेलं जिल्हा पातळीवरचं काम आता त्याच नावाखाली चालतं. स्वयंसेवक म्हणून मुलींची नोंद फोनवरूनही होते. याने पैसा हाताळण्याचा अधिकार मिळत नाही, पण ओळख आणि अनुभव मिळतो.

हे तिन्ही पुरेसे वाटत नसतील, तर पुढे चला.

पायरी १: आपलं कार्यालय कोणतं ते पाहा

नवी मुंबईकरांची इथे हमखास गल्लत होते. ऐरोली ते बेलापूर हा महापालिकेचा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, म्हणून त्यांचं सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय ठाण्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात आहेत, त्यांचं कार्यालय अलिबागला. पोलिसांचं उलट आहे: खारघर-पनवेल हे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयातच येतात. तेव्हा संस्थेचा पत्ता कुणाच्या घरचा द्यायचा हे ठरवताना जिल्हा बघून ठरवा. मुली कोपरखैरणेच्या आणि पत्ता खारघरच्या मावशींचा, असं केलंत तर प्रत्येक कागदासाठी अलिबाग गाठावं लागेल.

पत्त्यासाठी जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि सोबत वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती लागते. सभासदाचा फ्लॅट चालतो. भाड्याच्या घराचा पत्ता शक्यतो टाळा; घर बदललं की पत्ताबदलाचा सगळा सोपस्कार मागे लागतो. फ्लॅट सोसायटीत असेल तर तिथल्या कमिटीला आधी सांगून ठेवा. पत्रव्यवहार नेमका कुणाच्या दारात पडतो यावर पुढे बरंच काही अवलंबून असतं.

पायरी २: रचना, नाव, उद्देश

महाराष्ट्रात साधारण दोन रस्ते आहेत: विश्वस्तलेख करून ट्रस्ट, किंवा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था. दोन-तीन विश्वस्तांचा ट्रस्ट चालवायला सुटसुटीत असतो, पण त्यात सर्वसाधारण सभा नाही, निवडणूक नाही. संस्थेत किमान सात सभासद लागतात, सभा होतात, मतदान होतं, पद सोडावं लागतं. मुलींना नेतृत्व शिकायचं असेल तर मला संस्थेचाच रस्ता योग्य वाटतो. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी हाही पर्याय आहे, पण वस्तीपातळीवरच्या गटाला तो खर्चाच्या आणि कागदांच्या मानाने झेपत नाही.

नाव तीन-चार पर्याय काढून ठेवा, कारण त्याच नावाची किंवा मिळत्याजुळत्या नावाची संस्था असेल तर नाव नाकारलं जातं. सरकारी वाटेल असं नावही नको.

आता उद्देश. या लेखात सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी ही जागा आहे, कारण उद्देश नंतर बदलणं अवघड असतं: विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, आणि महिन्याभराच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा तीन-पंचमांश मतांनी शिक्कामोर्तब. पुष्कळ गट कुठल्या तरी मंडळाची तयार नियमावली आणतात, नाव खोडून आपलं घालतात आणि उद्देशांत सार्वजनिक उत्सव नि क्रिकेटचे सामने घेऊन बसतात. नंतर मुलींच्या शिबिरासाठी देणगी मागायला गेलं की देणगीदार विचारतो, हे तुमच्या उद्देशात कुठे आहे?

नमुना असा धरता येईल:

"(१) १० ते २५ वयोगटातील मुली व युवतींमध्ये नेतृत्वगुण, निर्णयक्षमता व नागरी कर्तव्यांची जाणीव वाढवण्यासाठी प्रशिक्षण, शिबिरे व अभ्यासवर्ग आयोजित करणे. (२) मुलींचे शिक्षण, आरोग्य, क्रीडा, कायदेविषयक माहिती व ऑनलाइन सुरक्षितता यांसाठी उपक्रम राबवणे. (३) गरजू मुलींना शैक्षणिक साहाय्य करणे. (४) शाळा, महानगरपालिका व शासकीय विभागांच्या सहकार्याने मुलींच्या सार्वजनिक सहभागाच्या संधी वाढवणे. (५) वरील सर्व कार्य जात, धर्म, भाषा असा भेद न करता व नफ्याच्या हेतूविना करणे."

पाचव्या कलमाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे ज्ञातीची आणि समाजाची मंडळं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मुलींसाठी काही करावं ही इच्छा चांगलीच आहे. पण एखाद्याच जातीच्या किंवा धर्माच्या मुलींपुरता उद्देश लिहिला तर आयकरातली सूट अडते. फक्त मुलींसाठी असण्याला मात्र आयकराची हरकत नाही. महिला आणि मुलं यांच्यासाठीचं काम कायदा त्या अर्थाने "विशिष्ट समाजापुरतं" धरत नाही.

वसतिगृह, बालगृह, अनाथ मुलींचा सांभाळ असे शब्द भावनेच्या भरात घालू नका. मुलांना निवासी ठेवायचं म्हटलं की बाल न्याय अधिनियम, २०१५ खालची वेगळी नोंदणी आणि तपासणी येते. ते काम करायचंच असेल तर त्याची पूर्ण तयारी करून करा.

नियमावलीत चार गोष्टी पहिल्यापासून असू द्या: आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, मिळकत फक्त उद्देशांसाठी वापरली जाईल, सभासदांना नफा वाटला जाणार नाही, संस्था विसर्जित झाल्यास शिल्लक मालमत्ता समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल. आयकर नोंदणीच्या वेळी हे कागदावर शोधलं जातं.

कार्यकारी मंडळात कोण?

कार्यकारी मंडळावरची व्यक्ती सज्ञान हवी. म्हणजे चौदा वर्षांची मुलगी विश्वस्त होऊ शकत नाही. पण त्यावरून तिचा आवाजच नको असं होत नाही. मी सुचवते ती रचना अशी:

मंडळ सात किंवा नऊ जणींचं ठेवा. त्यात निम्म्याहून जास्त १८ ते २५ वयाच्या. अध्यक्ष, सचिव, खजिनदार या तिन्हींपैकी किमान दोन पदं त्यांच्याकडे. उरलेल्या जागी शिक्षिका, परिचारिका, वकील, बँकेत नोकरी केलेल्या अशा अनुभवी व्यक्ती घ्या. एखादे दादा किंवा सर असायलाही हरकत नाही. याखेरीज नियमावलीतच "किशोरी परिषद" नावाचं कलम घाला: १८ वर्षांखालच्या मुली दरवर्षी आपल्यातून दोन प्रतिनिधी निवडतील, त्या कार्यकारी मंडळाच्या सभेला बसतील, त्यांना मत नसेल पण त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवणं बंधनकारक असेल. परिषदेतल्या मुली विश्वस्त नसल्यामुळे त्या दरवर्षी बदलल्या तरी धर्मादाय कार्यालयात, म्हणजे वर सांगितलेल्या न्यास नोंदणी कार्यालयात, बदल कळवावा लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा व्यवहाराचा आहे. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्याला सगळे "चेंज रिपोर्ट" म्हणतात. विशीतल्या मुली नोकरीसाठी पुण्याला जातात, लग्न होऊन बदलापूरला जातात, पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडतात. मंडळाची मुदत फार छोटी ठेवली तर बदल अर्जांतच जीव जातो, पाच वर्षांची ठेवली तर अर्ध्या जणी मधेच सुटतात. तीन वर्षं हा मला जमणारा मध्य वाटतो.

पायरी ३: पहिली सभा आणि ठराव

नेतृत्वाचं पहिलं खरं प्रशिक्षण इथेच होतं, म्हणून घाई करू नका. वही नवी घ्या, पानांवर क्रमांक घाला. वर तारीख, वेळ, ठिकाण, सभाध्यक्ष. हजर असलेल्यांच्या सह्या. मग एकेक ठराव. नमुना पाहा:

"ठराव क्र. ३: संस्थेच्या नोंदणीसंबंधी सर्व अर्ज, शपथपत्रे व कागदपत्रे सहाय्यक संस्था निबंधक, ठाणे यांच्याकडे दाखल करण्याचे, त्रुटींची पूर्तता करण्याचे व प्रमाणपत्र स्वीकारण्याचे अधिकार सचिवांना देण्यात येत आहेत. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते मंजूर."

मुलींना सूचक आणि अनुमोदक यांतला फरक समजावून सांगा. एकीने मांडायचं, दुसरीने पाठिंबा द्यायचा, तिसरीला हरकत असेल तर तीही लिहायची. "सर्वानुमते" हे खरोखर सर्वानुमते असेल तेव्हाच लिहायचं. ज्या मुलीने घरी कधी "नाही" म्हटलेलं नसतं, तिने वहीत आपला विरोध नोंदवून घेतला तर ते माझ्या लेखी एखाद्या शिबिराइतकंच मोलाचं आहे.

पायरी ४: अर्ज

धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरून अर्ज भरता येतो, आणि कार्यालयात मूळ कागद दाखवण्याची वेळ येते. साधारण हे तयार ठेवा:

- विहित अर्ज, संस्थेचा मेमोरँडम (नाव आणि उद्देश सांगणारा मूळ लेख) आणि नियमावली, सर्व संस्थापक सभासदांच्या सह्यांसह
- कार्यकारी मंडळाची यादी: नाव, वय, पत्ता, व्यवसाय, पद
- प्रत्येकीचं संमतीपत्र, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा
- सभेच्या ठरावाची प्रत, अधिकारपत्र आणि शपथपत्र
- जागेचं ना-हरकत पत्र

आधार कार्डावर एक नाव, दहावीच्या दाखल्यावर दुसरं, संमतीपत्रावर तिसरंच, हा मुलींच्या बाबतीत त्रुटी निघण्याचा नेहमीचा प्रकार. विवाहित सभासदाचं माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही येतं. अर्ज लिहिण्याआधी सगळ्यांची ओळखपत्रं समोर ठेवा आणि एकच लेखन सगळीकडे चालवा.

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ती पोच असल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. ही सवय मुलींना लावा. कार्यालयात चढ्या आवाजात बोलण्यापेक्षा आवक क्रमांक सांगून "मॅडम, आमच्या अर्जाची सद्यःस्थिती काय?" एवढं विचारणारी मुलगी लवकर काम करून घेते.

बाहेर "आठ दिवसांत नोंदणी" म्हणणारे भेटतील. सरकारी शुल्क फारसं नसतं; पैसे जातात ते याच ठिकाणी. ऑडिटसाठी चार्टर्ड अकाउंटंट लागणारच आहे, त्यांच्याकडून कागद एकदा डोळ्यांखालून घालून घ्या. बाकीचं मुलींना जमतं.

पायरी ५: सार्वजनिक न्यास नोंदणी

१८६० च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र मिळालं की अनेक गट थांबतात. तिथे काम अर्धंच झालेलं असतं. धर्मादाय उद्देशाची संस्था ही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली सार्वजनिक न्यासही ठरते. जुन्या कागदांत याच कायद्याला मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हटलेलं दिसेल. कलम १८ प्रमाणे न्यास नोंदणीचा अर्ज संस्था स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. अर्जाची चौकशी होते, पदाधिकाऱ्यांना बोलावलं जातं, काही विचारलं जातं. उत्तरं द्यायला अध्यक्ष मुलगीच जाऊ दे. सोबत मोठं कुणी बसलं तरी चालेल.

मंजुरीनंतर संस्थेला "एफ" अक्षराने सुरू होणारा न्यास क्रमांक मिळतो. सोबत मिळणारा परिशिष्ट १ चा उतारा जपून ठेवा. बँक, आयकर, पुरस्कार, सगळीकडे तोच मागतात, कारण विश्वस्त कोण हे त्यावरून कळतं.

अर्ज नाकारला गेला तर घाबरून नवा अर्ज करू नका. आदेशाची साक्षांकित प्रत घ्या, कारण वाचा. कलम ७० खाली ६० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येतं.

पायरी ६: पॅन, बँक, हिशोब

संस्थेच्या नावाचा पॅन काढा, मग बँकेत खातं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार या तीनपैकी कोणत्याही दोन सह्या, आणि त्यातली एक पंचविशीखालच्या पदाधिकाऱ्याची असेलच असा ठराव करा. कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर देणगी घेऊ नका, शंभर रुपयेसुद्धा. रोजकीर्द, पावतीपुस्तक, खर्चाची व्हाउचरं, साठानोंद एवढ्या चार वह्यांवर छोटी संस्था व्यवस्थित चालते. खजिनदार मुलीने दर महिन्याच्या सभेत शिल्लक वाचून दाखवावी, रोख किती आणि बँकेत किती.

पायरी ७: आयकर, दर्पण, कंपन्यांची मदत

आयकरात दोन नोंदण्या असतात. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट मिळते ती १२ए, देणगीदाराला सूट मिळते ती ८०जी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, पण बोलण्यात अजून हीच नावं आहेत. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. मुदत संपण्याआधी नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. ती तारीख दोघी-तिघींच्या फोनमध्ये घालून ठेवा. रोखीने दिलेल्या २,००० रुपयांवरच्या देणगीला ८०जीची वजावट मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.

नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंद केली की एक ओळख क्रमांक मिळतो. केंद्राच्या बहुतेक योजनांच्या अर्जात तो लागतो.

रबाळे, महापे, तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात कंपन्या भरपूर आहेत, त्यामुळे सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीकडे, सगळ्यांचं लक्ष असतं. त्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्जाने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंद लागते, आणि संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत त्या पैशाची आशा धरून खर्च आखू नका. तोवर वर्गणी, वस्तूरूप मदत आणि वैयक्तिक देणग्या.

परदेशातून पैसा घेण्याआधी २०१० चा परकीय अंशदान कायदा समजून घ्या. अमेरिकेतला दादा भारतीय पासपोर्ट राखून असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देणगी देत असेल, तर ती परकीय धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी ठरते, आणि परवानगीशिवाय रुपयाही घेता येत नाही.

पायरी ८: मुलींची सुरक्षितता, आणि मग विभागांच्या परवानग्या

क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. अल्पवयीन मुलींसोबत काम करणाऱ्या संस्थेकडे लेखी संरक्षण धोरण नसेल तर तिला कुठलीही मान्यता मिळू नये, असं मला मनापासून वाटतं. दोन पानांचं पुरेल, पण ते पाळलं जायला हवं.

प्रत्येक स्वयंसेवकाची, स्त्री असो वा पुरुष, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. शिबिराला पालकांचं लेखी संमतीपत्र. फोटो छापायला वेगळी संमती. कोणीही मोठी व्यक्ती मुलीशी बंद खोलीत एकटी नसेल. रात्री परत येताना ठाणे स्टेशनवर किंवा तुर्भ्याला मुलीला कोण सोडणार, हे निघण्याआधी ठरलेलं. तक्रार ऐकायला दोघी नेमलेल्या, त्यांची नावं भिंतीवर लावलेली, सोबत चाइल्डलाइन १०९८, महिला हेल्पलाइन १८१ आणि आपत्कालीन ११२.

पॉक्सो कायदा, २०१२ मधलं कलम १९ प्रत्येक पदाधिकाऱ्याने वाचलेलं असावं. मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "घरातलं प्रकरण आहे, समजुतीने मिटवू" हा पर्यायच कायद्याने ठेवलेला नाही. मुलीची ओळख मात्र कुठेही उघड करायची नाही, संस्थेच्या अहवालातही नाही.

हे झालं की परवानग्या. महापालिका शाळेत सत्र घ्यायचं तर पालिकेच्या शिक्षण विभागाला पत्र. हॉल किंवा उपक्रमासाठी समाजविकास विभाग. जिल्हा पातळीवर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी. पत्र एका पानाचं ठेवा: कोण, कुठल्या शाळेत, कोणत्या इयत्तेसाठी, किती तास, काय शिकवणार, कोण येणार, खर्च कोणाचा. मागे नोंदणी प्रमाणपत्र, स्वयंसेवकांची यादी आणि संरक्षण धोरण जोडा. परवानगी मिळाली की सत्र संपल्यावर महिन्याभरात अहवाल त्याच विभागाला द्या, मागितला नसला तरी. पुढच्या वर्षीची परवानगी याच अहवालावर मिळते.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला युवा दिन, २४ जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन. या दिवसांत विभागांनाही कार्यक्रम हवे असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला पत्र गेलेलं असेल तर तुमचा कार्यक्रम त्यांच्या यादीत बसतो.

पायरी ९: पुरस्कार

राज्याच्या २०१२ च्या युवा धोरणातून जिल्हा युवा पुरस्कार आला. तो एक युवक, एक युवती आणि एका नोंदणीकृत संस्थेला दिला जातो, आणि अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय मागवतं. महिला व बाल विकास विभागाचे अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचे पुरस्कारही आहेत. सूचना वर्तमानपत्रांत आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येते, मुदत थोडीच असते. म्हणून पुरस्काराची फाइल वर्षभर भरत ठेवा: हजेरीपट, अहवाल, कात्रणं, विभागांची पत्रं, तारखेसह फोटो. हजेरीपटाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. पन्नास कार्यक्रमांचे फोटो कुणीही जमवतो. त्याच पंचवीस मुली दोन वर्षं येत राहिल्या हे सही-तारखेनिशी दाखवणारे थोडे.

संस्थेसाठी अर्ज कराल तेव्हा युवती गटात आपल्यातल्या एखाद्या मुलीचाही अर्ज भरा. तो तिचा तिलाच लिहू द्या.

दरवर्षी काय करायचं?

मार्च उजाडण्याआधी पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करून दाखल करा. ३१ मार्चला वह्या बंद. एप्रिल-मेमध्ये ऑडिटरला कागद द्या. ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिट अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे ऑनलाइन गेला पाहिजे. वार्षिक सर्वसाधारण सभा नियमावलीत लिहिलेल्या मुदतीत घ्या आणि कार्यकारी मंडळाची यादी दाखल करा. आयकर विवरणपत्र वेगळं. सभासदांची वर्गणी थकू देऊ नका. तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेल्या सभासदाला १८६० च्या कायद्याने मताचा हक्क राहत नाही, आणि निवडणुकीच्या वर्षी यावरूनच भांडणं होतात.

पदाधिकारी बदलतील तेव्हा जुन्या सचिवाने नव्या सचिवाकडे यादी करून सगळं सोपवायचं: दोन्ही मूळ प्रमाणपत्रं, परिशिष्ट १, पॅन कार्ड, इतिवृत्ताच्या वह्या, चेकबुक, शिक्का, पोर्टलांचे पासवर्ड, आणि ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो तो क्रमांक. तो सिमकार्ड संस्थेच्या नावावर घेतलेला बरा. यादीवर दोघींच्या सह्या, आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज.